एरंड की तुंबी?

त्या काळी सांगलीतून कोणी वाशीला निघालं की लोक एकच विचारायचे, "फ्लॅट बघायला का?" ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं आणि खाडीपलीकडे नवं शहर वसतंय ही बातमी आमच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोचली होती. मी मात्र एका शब्दाचा अर्थ लावायला चालले होते. हे खरं सांगितलं असतं तर लोकांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं असतं, म्हणून मी "हो, फ्लॅटच" असं म्हणून मोकळी झाले. परत आल्यावर जो तो भाव विचारू लागला. भाव मला आजही माहीत नाही. जे माहीत झालं ते लिहिते.

झालं असं की शाळेच्या फोनवर माझ्या मैत्रिणीचा, रूथचा, ट्रंक कॉल आला. पुण्याच्या होस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत राहत होतो. रूथ बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. गावाकडे यांना शनिवार तेली म्हणायचे. पिढीजात धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव.

फोनवर ती ओरडून बोलत होती. "कुमुद, तू झाडं शिकवतेस ना? मग ये इकडे. बाबा आणि दाऊदकाका वर्ष झालं एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण एका झाडावरून आहे. आणि सण झाला की काका कायमचे इस्राएलला चाललेत. तू येऊन काय तो निकाल दे. नाहीतर हे दोघं एकमेकांचं तोंड न बघता मरतील गं!"

शेवटचं वाक्य शेजारी बसलेल्या हेडमास्तरांनाही ऐकू गेलं. माझी रजा लगेच मंजूर झाली.

वाशी

नव्या शहराची माझी पहिली ओळख वाऱ्याशी झाली. खाडीवरून येणारा वारा मोकळ्या प्लॉटांवरून सुटायचा आणि अडवायला फारसं काही नसल्यामुळे थेट माणसाच्या पदरात शिरायचा. इमारती सगळ्या एका साच्यातल्या. मी बॅग घेऊन धापा टाकत वर गेले, बेल वाजवली, तर दार उघडलं एका साताऱ्याच्या बाईंनी. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमची बिल्डिंग पलीकडची. टेन्शन नका घेऊ, रोज कोणीतरी चुकतंच. माझा नवराच दोनदा चुकलाय."

रूथच्या दाराच्या चौकटीवर एक बोटभर लांबीची नळी तिरकी बसवलेली होती. त्यात धर्मवचन असतं. घरातली माणसं येताजाता तिला बोट लावून ते बोट ओठांना लावतात. आपण उंबऱ्याला पाय लागला तर नमस्कार करतो, तसंच काहीसं मला वाटलं. आतून मटणाचा आणि ओल्या नारळाचा वास येत होता.

जेवताना मी पहिला गोंधळ घातला. मटण तिखट होतं, आणि आमच्या सांगलीच्या सवयीने मी म्हणाले, "रूथ, थोडं दही असेल तर दे ना." तिचा नवरा, जो रबाळ्याच्या एका कारखान्यात फोरमन आहे, ताटात बघून हसू दाबू लागला. यांच्यात मांस आणि दूध एका पंगतीला बसत नाहीत हे चार वर्षं एका खोलीत राहून मी साफ विसरले होते. शेवटी आलेली खीरसुद्धा नारळाच्या दुधातली होती. सांगते, गाईच्या दुधाची आठवणही झाली नाही.

शालोमकाका, म्हणजे रूथचे वडील, माझ्या समोर बसले होते. सत्तरी ओलांडलेला, बारीक अंगाचा, गोदीतल्या कारकुनीतून निवृत्त झालेला माणूस. जेवण उरकून त्यांनी हात धुतले. मग चष्मा लावला आणि माझी उलटतपासणी सुरू केली.

"बाई, तुम्ही झाडं शिकवता?"

"हो."

"एरंड ओळखता?"

"काका, एरंड कोण ओळखत नाही?"

"माझा भाऊ," ते म्हणाले.

मग त्यांनी मला गोष्ट सांगितली. ती मला अर्धवट माहीत होती, म्हणजे फक्त मासा माहीत होता. योना नावाच्या माणसाला देव सांगतो, त्या मोठ्या शहरात जा आणि लोकांना बजाव की वाईट वागणं सोडा, नाहीतर शहर बुडेल. योना पळून जातो, समुद्रात पडतो, त्याला मासा गिळतो, मासा त्याला बाहेर टाकतो. मग तो निमूट शहरात जातो आणि निरोप सांगतो. लोक चक्क ऐकतात, सुधारतात, आणि देव शहराला माफ करतो. इथपर्यंत ठीक. पण योना रुसतो. आपण बुडेल म्हणालो आणि बुडालं नाही, म्हणजे आपलीच फजिती! तो शहराबाहेर खोप बांधून, आता पुढे काय होतं ते बघत बसतो. उन्हाने तापतो. देव एका रात्रीत एक झाड उगवून त्याच्या डोक्यावर सावली करतो. योना खूश. दुसऱ्या पहाटे देव एक कीड पाठवतो, झाड वाळतं, गरम वारा सुटतो आणि योना मरण मागू लागतो. तेव्हा देव त्याला विचारतो, की ज्या झाडासाठी तू काही कष्ट केले नाहीस त्याचा तुला एवढा कळवळा, मग त्या शहरातल्या एवढ्या माणसांचा आणि मुक्या जनावरांचा मला येऊ नये का? गोष्ट या प्रश्नावर संपते. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही.

"या झाडाचं नाव मूळ हिब्रूत किकायोन," काका म्हणाले. "अख्ख्या धर्मग्रंथात हा शब्द फक्त या गोष्टीत येतो. दुसरीकडे कुठे आला असता तर ताडून बघता आलं असतं. इथे ताडायला काही नाही. आमच्या जुन्या मराठी प्रतीत छापलंय तुंबी. भोपळ्याचा वेल. पण जुने पंडित सांगतात, पाणथळ जागी उगवतं, लोक दुकानाच्या दारात लावतात, बियांचं तेल काढतात, त्या तेलाला किक म्हणतात. मला सांगा, भोपळ्याचं तेल कोण काढतं?"

फार जुन्या काळी परदेशात कुठेतरी याच शब्दाचं भाषांतर बदललं म्हणून जमलेल्या लोकांनी आरडाओरडा केला होता, असंही त्यांनी वाचलं होतं. "म्हणजे भांडणारं आमचं घर पहिलं नाही," ते थोड्या अभिमानाने म्हणाले.

"बाबा, पुरे झालं तुमचं एरंडाचं गुऱ्हाळ," रूथ आतून म्हणाली.

भांडण झालं ते असं. आश्विनात यांचा सगळ्यात मोठा उपास असतो. कोकणातले जुने लोक त्याला दारफाळणीचा सण म्हणतात, कारण त्या दिवशी दारं लावून घ्यायची, अन्न नाही, पाणी नाही, आणि वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची. आपला दसरा आणि हा उपास पुष्कळदा मागेपुढेच येतात. आपण त्या सुमाराला श्रीखंडावर ताव मारत असतो. उपासाच्या दुपारी प्रार्थनामंदिरात योनाची गोष्ट वाचतात. हिब्रू पाठ झाला की तीच मराठीत वाचायचा मान पनवेलच्या मंडळींनी शालोमकाकांना दिलेला. गेल्या वर्षी काकांनी छापलेलं "तुंबी" सोडून मोठ्याने "एरंड" वाचलं. समोरच्या बाकावरून त्यांचा धाकटा भाऊ दाऊद उठून उभा राहिला आणि भर प्रार्थनेत म्हणाला, "लिहिलंय ते वाच." काकांनी पुन्हा "एरंड" म्हटलं. दाऊदकाका तसेच बाहेर निघून गेले. तेव्हापासून अबोला.

"तुम्ही तुंबी म्हणालात तर मी स्वतः त्याच्या दारात जाऊन माफी मागेन," काका मला म्हणाले. "एरंड म्हणालात तर त्याने यावं. त्यालाही हे कबूल आहे. रूथनं विचारलंय."

म्हणजे दोन भावांची शेवटची भेट होणार की नाही हे माझ्यावर येऊन पडलं होतं. अकरावीच्या पेपरात पाच मार्कांचा प्रश्न काढताना मी दहा वेळा विचार करते.

पावणे

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, दोन्ही झाडं उन्हात उभी राहून बघू. काकांना ही कल्पना फार आवडली. ते म्हणाले, मग पावण्याला चला, आमचा घाणा तिथे होता.

ठाणे-बेलापूर रस्त्याने बस निघाली की एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला कारखाने. मधूनच भाताचा एखादा तुकडा, मग पुन्हा भिंत. प्रत्येक कारखान्याचा वास वेगळा. एका ठिकाणी नाकात औषधाचा उग्र वास, पुढे रंगाचा, त्याच्या पुढे कसला ते कळेना. रस्त्याकडेला माणसं उभी राहून बांधकामाकडे बघत असायची. कुठे पाया खणतायत, कुठे भराव टाकतायत, आणि हे आपले कमरेवर हात ठेवून बघतायत. शहराचं पुढे काय होतं ते बघत बसलेला योना मला त्या चार दिवसांत जागोजागी दिसला.

पावण्यात काकांना काही ओळखू येईना. ते ज्या जागेला घाणा म्हणत होते तिथे एका कंपनीची लांबलचक भिंत होती. भिंतीच्या कडेला भुसा, पत्र्याचे तुकडे, फाटकी पोती यांचा ढीग, आणि त्या ढिगातून, कोणी न लावता, एक एरंड माझ्या दीडपट उंच वाढलेला. पानं हाताच्या पंजासारखी, देठ लालसर, काटेरी बोंडांचे घोस.

"बघा!" काका म्हणाले. जणू त्यांनीच तो तिथे उभा केला होता.

आम्ही छत्री मिटून त्याच्या खाली बसलो. आश्विनातलं दुपारचं ऊन होतं. पाच-दहा मिनिटांतच मला एरंडाच्या सावलीचा स्वभाव कळला. पानं मोठी, पण बोटं फाकलेली. मधल्या फटींतून ऊन आत येतं आणि वारा आला की ते आपल्या अंगावर इकडून तिकडे फिरतं. काकांच्या टकलावर एक कवडसा बसला होता तो हलायला तयार नव्हता. पुन्हा पुन्हा ते सरकून बसत होते आणि दर वेळी म्हणत होते, "थंड वाटतंय, नाही?"

समोरच्या घरातून एक बाई आमच्याकडे टक लावून बघत होत्या. शेवटी राहवलं नाही म्हणून आल्या. अंगावर नऊवारी, हातभर बांगड्या, चेहरा करडा पण आवाज मायेचा.

"कोनाला शोधताव? आनि उकिरड्यावं का बसलाव?"

काकांनी सांगितलं, इथे तेल्यांचा घाणा होता, मी त्यातला.

"तेल्यांचा? शनवारवाले?" बाईंचा चेहरा बदलला. "आवो, माजा सासरा सांगायचा, शनवारी तेल मिलायचं नाय! या, घरी या. पानी तरी घ्या. ह्या झाडाखाली कुत्रं पन बसत नाय."

बाळीबाई त्यांचं नाव. त्यांची सगळी शेती कारखान्यांकडे गेली होती. मुलगा ट्रक चालवायचा. अंगणात मांडव होता आणि मांडवावर दुधी भोपळ्याचा वेल, म्हणजे तुंबीचा सख्खा भाऊच. आम्ही खाली बसलो आणि मला कबूल करावं लागलं की सावली याला म्हणतात. पान पानावर चढलेलं, ऊन म्हणून आत येत नव्हतं. बाळीबाईंनी सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली. काकांनी चटणीकडे बघून विचारलं, "बोंबील आहे ना? कोळंबी नाही ना त्यात?" यांना खवले नसलेलं पाण्यातलं काही चालत नाही; बोंबलाला बारीक खवले असतात, म्हणून तो चालतो. बाईंनी जरा चिडूनच सांगितलं, "बोंबीलच हाय, वलखता येत नाय का?" मग काका दोन भाकऱ्या जेवले.

आम्ही कशासाठी फिरतोय ते ऐकल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्यात भाव भाव जमिनीवरून भांडतान. झाडावरून भांडनं नवीनच हाय."

मी तिथेच मांडवाखाली हिशेब मांडला. सावली दाट, हा मुद्दा तुंबीकडे. शिवाय योनाने आधीच खोप बांधली होती, म्हणजे वर चढायला वेलाला आधार होता, तोही तुंबीकडे. आणि मुळाला कीड लागली की भोपळ्याचा वेल सकाळी हिरवा आणि दुपारी मलूल पडतो, हे मी माझ्या परसात पाहिलंय. एरंड असा एका दिवसात मरत नाही.

काकांचा चेहरा उतरत चालला.

"पण थांबा," मी म्हटलं. "देव म्हणतो, तू त्यासाठी कष्ट केले नाहीस. भोपळ्याला आळं करावं लागतं, खत, पाणी, मांडव. एरंडाला कोणी काही करत नाही, समोर बघा ना. मग पंडितांनी सांगितलेलं तेल आणि पाणथळ जागा, हेही एरंडाकडेच. आणि नावातला तो किक म्हणजे एरंडेल, असं तुम्हीच सांगितलंत."

"म्हणजे?"

"म्हणजे तीन आणि तीन."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, की नापास झालेल्या मुलांचे पालक माझ्याकडे याहून बऱ्या नजरेने बघतात.

पनवेल

निकाल दोघांना सारखाच सांगायचा म्हणून आम्ही पनवेलला गेलो. काका दाऊदकाकांच्या घराच्या गल्लीपर्यंत आले आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसले. "तुम्ही जा वर. मी इथे आहे," म्हणाले. भावाचं घर तिथून दिसत होतं. त्यांनी खुर्ची फिरवून त्याच्याकडे पाठ केली.

दाऊदकाकांचं तेलाचं दुकान खाली आणि घर वर. दुकान विकलेलं होतं. वर भांडी बांधून ठेवलेली, भिंतीवरचे फोटो काढल्याच्या चौकोनी खुणा. दाऊदकाका भावापेक्षा जाडे, आवाज मोठा. त्यांच्या पत्नीने मला चहा दिला आणि माफीही मागितली, की चांगले कप बांधले गेलेत.

मी तीन आणि तीन असं सांगितलं. दाऊदकाका भडकले.

"हे कसलं उत्तर? तुम्ही पोरांना काय शिकवता? अर्धं बरोबर, अर्धं चूक?"

"काका, झाडाकडे बघून मला एवढंच सांगता येतं. पुढचं तुम्ही सांगा. वेल असो की एरंड, गोष्टीत फरक काय पडतो? देवाला झाडाचं काही नव्हतंच. तो माणसांबद्दल बोलत होता. कोपऱ्यावर तुमचे दादा बसलेत, आणि तुम्ही दोघं वर्षभर त्या झाडाखाली बसून राहिलात."

हे मी बोलायला नको होतं असं मला लगेच वाटलं. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने असं बोलू नये. पण दाऊदकाका रागावले नाहीत. बांधलेल्या भांड्यांची एक सैल गाठ घट्ट करू लागले.

"आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो," ते म्हणाले. "दादा मोठा, त्याला सगळं आठवतं. मला तिचा चेहरापण आठवत नाही. फोटो नव्हताच. एकच आठवतं. पावण्याला घाण्यापुढे मांडव होता, त्यावर तुंबीचा वेल होता. मी आईच्या मांडीवर पडलोय आणि ती योनाची गोष्ट सांगतेय. तिने बोट वर केलं आणि म्हणाली, हेच ते योनाचं झाड, बाळा. तिचा हात दिसतो मला, हिरव्या बांगड्या. बस. एवढीच आई आहे माझ्याजवळ. आणि दादा सगळ्या लोकांसमोर म्हणतो, ते झाड ते नव्हे."

त्यांच्या पत्नीने कप उचलले आणि त्या आत गेल्या. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मी खाली आले आणि शालोमकाकांना शब्दन्‌शब्द सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. गल्लीकडे वळून त्या घराच्या खिडकीकडे बघितलं. बसमध्ये वाशीपर्यंत ते बाहेर बघत होते. मी दोनदा विषय काढला, त्यांनी दोन्ही वेळा, "ऊन फार आहे," एवढंच म्हटलं.

उपासाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे पनवेलला रूथच्या मावसबहिणीकडे मुक्कामाला गेलो. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकलं आणि दारं लागली. पूर्वी या दिवशी परक्या माणसाचा स्पर्शही चालायचा नाही म्हणे. माझ्यासाठी शालोमकाकांनी वडीलधाऱ्यांची परवानगी आधीच घेतली होती. मीही उपास केला. आपल्या उपासाला साबुदाणा असतो, शेंगदाण्याचा कूट असतो, थालीपीठ असतं. इथे पाण्याचा थेंब नाही. दुपारी माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते आणि शेजारच्या ऐंशीच्या आजीबाई ताठ बसून प्रार्थना म्हणत होत्या.

बायका वर बसतात, पुरुष खाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत. बाकं मात्र बरीच रिकामी. रूथ मला बोटाने दाखवत होती, ते बाक अमक्यांचं, इस्राएलला गेले, ते तमक्यांचं, तेही गेले. दाऊदकाका पुढच्या बाकावर बसले होते. वारा पडला होता.

हिब्रू पाठ संपला आणि शालोमकाका उठले. पुस्तक डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी मराठीत वाचायला सुरुवात केली. उपासाने आवाज बसला होता, पण शब्द स्वच्छ होते. जहाज झालं, मासा झाला, शहर वाचलं, योना रुसून बाहेर जाऊन बसला. खाली कोणी खोकत नव्हतं. गेल्या वर्षी काय झालं ते तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. रूथने माझा हात धरला.

काका थांबले. पान उलटायचं नव्हतं तरी थांबले. मग त्यांनी वाचलं, "तुंबी."

पुढे तो शब्द पुन्हा आला, तेव्हाही तुंबी. कीड लागली ती तुंबीला. कळवळा आला तो तुंबीचा. दर वेळी त्यांनी तो शब्द जरा सावकाश उच्चारला. दाऊदकाकांनी खांद्यावरची पांढरी शाल डोक्यावरून पुढे ओढून घेतली आणि गोष्ट संपेपर्यंत त्यांचा चेहरा दिसला नाही. रूथ माझा हात दुखेपर्यंत दाबत होती आणि रडत होती. मीही रडले. मला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नाही.

सूर्य मावळल्यावर शिंग फुंकलं आणि उपास सुटला. हे लोक एकमेकांना भेटतात तेव्हा दोन्ही हातांनी समोरच्याचे हात धरतात आणि मग आपली बोटं ओठांना लावतात. दाऊदकाका गर्दीतून वाट काढत भावापुढे आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शालोमकाकांनी ते धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"दादा, घसा सुकला असेल तुझा," दाऊदकाका म्हणाले आणि काळ्या मनुकांचं सरबत आणायला ओरडू लागले.

पुन्हा वाशी

उपासाच्या दुसऱ्या दिवसाला हे शिळा सण म्हणतात. त्या दिवशी दानधर्म करायचा आणि नातेवाइकांकडे जायचं. दाऊदकाका सकाळीच सहकुटुंब वाशीला हजर. येताना अर्थातच चुकीच्या इमारतीत जाऊन आले होते. दिवसभर त्यांचा आवाज घरभर घुमत होता. "दादा, तूपण चल तिकडे, इथे या वाऱ्यात काय ठेवलंय?" आणि शालोमकाका म्हणत होते, "मला इथलं शहर पुरं झालेलं बघायचंय." मलिदा झाला होता, म्हणजे गूळ, खोबरं घालून कालवलेले गोड पोहे आणि फळं. मी दोनदा घेतला. माझ्या निकालाची कोणालाही आठवण राहिली नव्हती याचं मला थोडं वाईट वाटलं, हे लिहून टाकते.

संध्याकाळी मला सोडायला शालोमकाका बसथांब्यापर्यंत आले. रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "काका, मनात काही राहू देऊ नका. एरंडाची बाजू कमी नव्हती. तुम्ही हरलात असं नाही."

काका हसले. मग थोडं अंतर चालून म्हणाले, "मीही तिथेच होतो, बाई."

"कुठे?"

"मांडवाखाली. आई गोष्ट सांगत होती तेव्हा. दाऊद तिच्या मांडीवर उताणा पडलेला, आणि मी तिच्या शेजारी बसलेलो. तिने हात उचलून दाखवलं ते मांडवाबाहेर. कुंपणालगत एरंड होता, त्याच्याकडे. उताण्या पोराला कुंपण कुठून दिसणार? त्याला डोक्यावरचा वेल दिसला."

मी चालता चालता थांबले. "मग हे तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत?"

"वर्षभर पंडितांचे दाखले दिले, पण आईचं नाव काढलं नाही. भांडणात तिला कशाला ओढायची? त्यालाही तीच दुपार आठवत असेल हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही खाली येऊन सांगितलंत तेव्हा कळलं."

"आता सांगा ना. भांडण तर मिटलंय."

लांबून बस येताना दिसली. काकांनी हात दाखवून ती थांबवली आणि माझी बॅग स्वतः वर चढवली.

"मला आईचं पुष्कळ आठवतं, बाई," ते म्हणाले. "तिचा आवाज आठवतो, मार आठवतो, शेवटचं आजारपण आठवतं. त्याच्याजवळ तो एक वेलच आहे. घेऊन जाऊ दे त्याला."